फोटोच्या आधीची दहा मिनिटं आणि नंतरची दहा

प्रश्न थोडक्यात असा आला आहे: "आम्ही सहकुटुंब खूप फिरलो. हार्ड डिस्कवर हजारो फोटो आहेत. मुलगी म्हणते, त्यातले निवडक तीस फोटो घेऊन पुस्तक छापू, तुम्ही प्रत्येकामागची गोष्ट लिहा. पण लिहायला बसलो की 'पँगाँगवरची सुंदर सकाळ' याच्या पुढे पेन सरकत नाही. बरंचसं आठवतही नाही. शिवाय काही फोटो अनोळखी माणसांचे आहेत, त्यांच्याबद्दल काय लिहायचं?"

पेन अडतं, कारण सुंदर सकाळ फोटोत दिसतेच आहे. ती पुन्हा शब्दांत सांगायची गरज नाही. वाचकाला हवं असतं ते चौकटीबाहेरचं: तिथे का थांबलात, शेजारी कोण होतं, समोरचा माणूस काय म्हणाला, क्लिक झाल्यावर काय घडलं. फिल्मच्या काळापासून मी मासिकांसाठी आणि कॅलेंडरांसाठी प्रवासातले फोटो काढत आले आहे, आणि पुण्यात कार्यशाळाही घेते. कुणी आवडता फोटो दाखवला की मी त्याच्या आधीचा आणि नंतरचा फोटो मागते. गोष्ट बहुतेक वेळा त्या दोन फोटोंत असते. आणि नेमके तेच फोटो लोकांनी 'खराब आला' म्हणून डिलीट केलेले असतात.

तेव्हा आधी निवडलेले तीस फोटो बाजूला ठेवा. ज्या दिवशी तो फोटो काढला, त्या दिवसाचं सगळं फोल्डर उघडा आणि फोटो काढलेल्या वेळेनुसार लावा. फिल्म होती तेव्हा कॉन्टॅक्ट शीटवर रोलचे छत्तीस फोटो एका कागदावर ओळीने यायचे आणि सबंध दुपार डोळ्यासमोर उभी राहायची. आता ते काम संगणकावर करायचं. हललेला फोटो, चुकून दाबलं गेलेलं बटण, ढाब्यावरचं ताट, मैलाचा दगड, बसच्या काचेतून काढलेली पाटी यातलं काहीही टाकू नका. एका विद्यार्थ्याला स्पितीतला एक फोटो कुठला ते काही केल्या आठवत नव्हतं. त्याच्या सात मिनिटं आधीच्या हललेल्या फोटोत टायर बदलणारे हात होते. ते दिसताच त्याला ड्रायव्हरचं नाव, त्याने सांगितलेली लग्नाची हकीकत, रस्त्याकडेच्या घरातून आलेला चहा, सगळं आठवलं. गाडी पंक्चर झाली म्हणून ते तिथे थांबले होते, आणि थांबले म्हणून तो फोटो मिळाला होता.

वेळेची एक तांत्रिक गोष्ट इथेच सांगते, कारण तिथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. परदेशात गेल्यावर मोबाईल स्वतःची वेळ बदलतो, कॅमेरा बदलत नाही. जपानमध्ये तुमचा कॅमेरा साडेतीन तास मागे राहतो, लंडनमध्ये उन्हाळ्यात साडेचार तास पुढे. मग मोबाईलचे आणि कॅमेऱ्याचे फोटो एकत्र लावले की संध्याकाळ सकाळच्या आधी येते. लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या फोटोंची वेळ एकदम पुढे-मागे करता येते, ते आधी करून घ्या. नातेवाइकांकडचे फोटो मागवताना व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. नेहमीसारखे पाठवले की फोटो दाबला जातो आणि त्यातली मूळ तारीख, वेळ, ठिकाण पुसलं जातं.

फोटोंखेरीजही पुरावे असतात. रेल्वेच्या तिकिटाचा मेल, हॉटेलची पावती, यूपीआयचा इतिहास. चहाच्या टपरीवर दिलेल्या चाळीस रुपयांची नोंद तुम्हाला टपरीवाल्याचं नाव आणि नेमकी वेळ सांगून जाते. हे सगळं समोर ठेवून मग बरोबरच्या माणसांना विचारा, पण प्रत्येकाला वेगवेगळं विचारा. सगळ्यांना एकत्र बसवलं की घरात ज्याचा आवाज मोठा त्याची आठवण सगळ्यांची होऊन बसते. वेगवेगळं विचारलं की कळतं, तुम्हाला जो रम्य मुक्काम वाटला त्या रात्री बायकोला झोप नव्हती, कारण धाकटीला ताप होता. मग त्या सूर्योदयाच्या फोटोखाली काय लिहायचं याचा प्रश्न उरत नाही. सगळे झोपले होते, मी एकटाच बाहेर आलो, आत ती रात्रभर जागी होती हे मला आज कळलं. एवढं लिहिलंत तरी पुरे.

आता क्लिकनंतरची मिनिटं. मालवणजवळच्या किनाऱ्यावर रापण ओढतात, ती तुम्ही पाहिली असेल, कदाचित फोटोही काढला असेल. होडी समुद्रात अर्धवर्तुळ मारत जाळं सोडून येते, जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात आणि दोन्हीकडे माणसांच्या रांगा ते ओढत मागे मागे सरकतात. पहाटेच्या उजेडात या रांगांच्या काळ्या आकृत्या फार देखण्या दिसतात. पर्यटक तेवढा फोटो काढतात आणि नाश्त्याला जातात. मीही तो काढत होते, तेव्हा रांगेतली एक बाई म्हणाली, "फोटो मगे काढा, आधी दोरयेक हात लावा." कॅमेरा पाठीवर टाकून मी दोर धरला. ओला काथ्या तळहाताला कसा लागतो, दोर खेचताना टाचा वाळूत कशा रुततात, पुढच्या माणसाच्या तालावर कसं मागे सरकावं लागतं, हे तेव्हा कळलं. जाळं यायला बराच वेळ लागला. आलं त्यात तारल्या होत्या, थोडे बांगडे, आणि जेलीफिश व प्लॅस्टिक मात्र पुष्कळ.

खरा फोटो त्यानंतरचा. मासळी वाळूवर ओतली आणि वाटे पडायला लागले. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. एक म्हातारे गृहस्थ बाजूला बसून होते, त्यांनी दोराला हात लावलेला मी पाहिला नव्हता. त्यांच्याही पुढे एक वाटा पडला. मी विचारलं तेव्हा बाई म्हणाली, त्यांनी जन्मभर ओढली, आता होत नाही, पण येऊन बसतात. मलाही मूठभर तारल्या मिळाल्या, हात लावला म्हणून. रांगेचा तो देखणा फोटो कॅलेंडरवर गेला. वाट्यांचा फोटो छापला गेला नाही, पण कार्यशाळेत मी तोच दाखवते. कारण रापण म्हणजे काय ते त्यात आहे, आणि काय कमी होत चाललंय तेही. पर्ससीन (यांत्रिक बोटींनी माशांच्या थव्याभोवती टाकायचं मोठं जाळं) आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीने किनाऱ्यालगतची मासळी आटली, अशी इथल्या पारंपरिक मच्छीमारांची जुनी तक्रार आहे. राज्य सरकारने 2016 मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले, तरी भांडण मिटलेलं नाही. हे सगळं कॅप्शनमध्ये कोंबायचं नाही. पण त्या ढिगात मासळी इतकी कमी का, हे मला माहीत असलं की कॅप्शनची दोन वाक्यं वेगळी होतात.

अनोळखी माणसांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे होतो.

स्टीव्ह मॅककरी यांनी 1984 मध्ये पेशावरजवळच्या नासिर बाग निर्वासित छावणीत एका हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो काढला. जून 1985 मध्ये तो 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या मुखपृष्ठावर आला आणि जगभर पोहोचला. त्या मुलीचं नाव कुणाकडे नव्हतं. युद्धाची भीती तिच्या डोळ्यांत दिसते, अशी तिची गोष्ट लोकांनी डोळ्यांवरून वाचली. 2002 मध्ये शोध घेऊन तिला गाठलं तेव्हा तिचं नाव शरबत गुला असल्याचं जगाला कळलं. हा फोटो तिने तोवर पाहिलेलाच नव्हता. फोटो काढल्याचं तिला आठवत होतं, आणि आठवत होता तो राग: एक परका पुरुष आपला फोटो काढतोय याचा. त्याआधी तिचा फोटो कुणी काढलेला नव्हता. म्हणजे सतरा वर्षं जग त्या डोळ्यांत जे वाचत होतं, ते तिचं म्हणणं नव्हतंच.

त्याच्याही आधी, 1936 मध्ये, कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर डोरोथिया लँग यांनी काढलेला आईचा आणि मुलांचा फोटो असाच गाजला. मी तिचं नाव विचारलं नाही, तिची कहाणी विचारली नाही, असं लँग यांनी पुढे स्वतःच लिहिलं. गाडीचे टायर विकून त्या कुटुंबाने अन्न घेतलं होतं, अशी हकीकतही लँग यांनी दिली. ती बाई, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, 1978 मध्ये जगासमोर आली आणि टायर विकल्याची गोष्ट खोटी असल्याचं तिच्या घरच्यांनी सांगितलं. फोटो छापून आल्यावर तळावर सरकारी धान्य पोहोचलं, तोवर हे कुटुंब पुढे निघून गेलं होतं. दोन्ही छायाचित्रकार थोर, दोन्ही फोटो अजोड. म्हणूनच मी ही उदाहरणं देते. इतक्या मोठ्या माणसांच्या फोटोंमागेही नाव न विचारल्याची पोकळी राहिली, आणि त्या पोकळीत इतरांनी आपापली गोष्ट भरली.

तुमच्या पुस्तकात हे होऊ देऊ नका. 'गरिबीतही किती समाधान', 'निरागस हसू', 'सुरकुत्यांमागे दडलेलं आयुष्य' ही वाक्यं हातून उतरली की खोडा. त्या माणसाशी तुम्ही बोलला नाहीत, एवढंच त्यातून कळतं. बोलला नसाल तर सरळ तेच लिहा: 'लोणंदचा बाजार. मी बसमधून काढला. बाई कोण, माहीत नाही.' हे प्रामाणिक आहे आणि वाचायलाही चांगलं वाटतं.

बोललं की काय होतं त्याची एक हकीकत. लेह-मनाली रस्त्यावर उपशीहून टंगलंग-ला ही खिंड चढताना डांबराचं काम चालू होतं. लडाखमधल्या रस्त्यांवर बीआरओसाठी, म्हणजे सीमाभागातले रस्ते बांधणाऱ्या सरकारी संघटनेसाठी, राबणाऱ्या मजुरांत झारखंडचे, विशेषतः दुमका भागातले, बरेच असतात. उन्हाळ्याचे चार-पाच महिने ते तिथे राहतात. पर्यटक बीआरओच्या पिवळ्या पाट्यांचे फोटो काढतात आणि ही माणसं फ्रेममध्ये येऊ नयेत म्हणून दोन पावलं सरकतात. एक जण डांबराच्या पिंपाशी उभा होता. तोंडाला फडकं, धुराने काळे झालेले हात, मागे बर्फ. मी विचारून फोटो काढला. मग तो म्हणाला, आता नीट काढा. त्याने फडकं सोडलं, बाटलीतल्या पाण्याने तोंड धुतलं, सोबत्याचं स्वच्छ जॅकेट घातलं आणि रोड रोलरला टेकून ताठ उभा राहिला. हा दुमक्याला पाठवायचा होता. बाहेरून आलेलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, त्यामुळे फोटो त्याच्या भावाच्या नंबरावर पाठवायचं ठरलं, आणि लेहला वायफाय मिळाल्यावर मी पाठवला.

माझ्याकडे कॅलेंडरला शोभणारा पहिला फोटो आहे आणि त्याचा स्वतःचा असा दुसरा. कार्यशाळेत विचारलं की नव्वद टक्के मुलं पहिल्यालाच 'खरा' म्हणतात, दुसऱ्याला 'पोज'. मला ते पटत नाही. घरच्यांनी आपल्याला कसं पाहावं हे त्या माणसाने विचार करून ठरवलं होतं. तो फडक्यामागचा चेहरा नुसता कामाचा होता. मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावते. पुढे मे 2020 मध्ये टाळेबंदीत लडाखमध्ये बीआरओच्या कामावर अडकलेल्या झारखंडच्या 60 मजुरांना विमानाने रांचीला आणल्याची बातमी वाचली, तेव्हा रोलरला टेकलेला तो फोटो मी शोधून काढला आणि त्याच्या भावाला फोन केला. फोटोतला तो मजूर त्या वर्षी गेलाच नव्हता, घरी होता.

नाव विचारायचं म्हणजे कसं, तेही सांगते. कॅमेरा खाली, गळ्यात. आपलं नाव आणि गाव आधी सांगायचं. मग त्यांचं. वहीत लिहून घ्यायचं आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवायचं. वारीत तर पत्ता लिहायची फार चोख पद्धत आहे: दिंडी रथापुढची की रथामागची, तिचा नंबर, गाव. माउलींच्या पालखीत दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो, त्यामुळे या आषाढात काढलेला फोटो पुढच्या आषाढात त्याच दिंडीत नेऊन देता येतो. दिवे घाटाच्या वळणावर शेकडो कॅमेरे लागलेले असतात. त्यातल्या किती जणांकडे दिंडीचा नंबर असतो? फार थोड्यांकडे.

सासवडच्या मुक्कामी मी एका बाईंचा फोटो काढला होता, डोक्यावर तुळस, खांद्याला विटकी कापडी पिशवी. पुढच्या वर्षी प्रिंट घेऊन दिंडी गाठली. त्यांनी फोटो हातात घेतला, स्वतःच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही, बोट ठेवलं ते पिशवीवर. "ही माझी न्हाई माउली, शेजारनीची. पेरनीमुळं तिला यायला जमलं न्हाई, मग तिची पिशवी तरी न्हेली पंढरीला." वर्षभर मी त्या फोटोकडे तुळशीचा फोटो म्हणून पाहत होते. त्यात दुसरीही एक बाई होती, शेतात राहिलेली. हे मला कोणत्याही लेन्सने दाखवलं नसतं. फोटो परत नेऊन दिला म्हणून कळलं.

काही गोष्टी लिहायच्या नसतात. काशीला मणिकर्णिकेच्या स्मशानघाटावर कॅमेरा बाहेर काढू नये, काढलाच असेल तर तो फोटो पुस्तकात घेऊ नये. दुसऱ्याच्या मुलांचं नाव आणि शाळा छापू नये. पक्ष्याच्या घरट्याचं नेमकं ठिकाण देऊ नये. प्रवासात कुणी विश्वासाने सांगितलेलं घरातलं भांडण किंवा आजारपण, ते माणूस तुमचं पुस्तक कधीच पाहणार नसलं तरी, त्याला विचारल्याशिवाय छापू नये.

तुमच्या स्वतःबद्दलही एक सांगायचं आहे. घरातलं जे माणूस फोटो काढतं, ते अल्बममध्ये जवळजवळ नसतंच. तुमची मुलगी हे पुस्तक मागतेय त्यात तिला पँगाँग नको असणार, तो तिला इंटरनेटवर मिळतो. तो फोटो काढणारे तुम्ही तिथे कुठे उभे होतात, काय बघत होतात, कशाची काळजी करत होतात, हे तिला हवं असेल. म्हणून प्रत्येक फोटोला निदान एक वाक्य कॅमेऱ्यामागच्या माणसाचं असू द्या. 'या तलावासाठी तीन वर्षं पैसे साठवले होते आणि पोहोचल्यावर डोकं इतकं दुखत होतं की मी हे दहा फोटो काढून गाडीत जाऊन पडलो.' हे वाक्य तुमचंच असू शकतं, दुसऱ्या कुणाचं नाही. साडेतीन हजार मीटरच्या वर लेहला गेलेल्या प्रत्येकाला ते दुखणं ओळखीचं वाटेल.

लांबीचं बंधन घालून घेऊ नका. एखाद्या फोटोला दोन पानं लागतील, एखाद्याला तीन शब्द. लिहिताना आधी नाव, ठिकाण आणि दिवस, मग काय घडलं, मग जमलं तर कुणीतरी उच्चारलेलं एखादं वाक्य, त्यांच्याच बोलीत. तुम्हाला काय वाटलं ते शेवटी, आणि तेही गरज असेल तरच. तीस फोटोंचा आग्रहही सोडा. समजा पंधरांचीच गोष्ट सापडली, तर पंधरांची लिहा. उरलेल्यांखाली गाव आणि महिना पुरेसा आहे.

लिहून झालं की तोच मजकूर फोटोच्या फाइलमध्येही भरून ठेवा. लाइटरूम, डिजीकॅम यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये कॅप्शनचा रकाना असतो, तिथलं लिखाण फाइलबरोबर राहतं, फोल्डर बदललं तरी हरवत नाही. फक्त ते फाइलमध्ये सेव्ह होतंय ना, एवढं सेटिंगमध्ये तपासा. घरातल्या जुन्या कागदी फोटोंच्या मागे बॉलपेनने लिहू नका, दाब पडून समोर वळ उठतात आणि शाई कालांतराने पलीकडे उतरते. जुन्या कागदावर मऊ पेन्सिल चालते. प्लॅस्टिकचा थर असलेल्या अलीकडच्या प्रिंटवर पेन्सिल उमटत नाही, त्यासाठी फोटोवर लिहायचे पेन मिळतात. आणि हे काम घरातली वडीलधारी माणसं आहेत तोवर, त्यांना शेजारी बसवून करा. महाबळेश्वरच्या त्या कृष्णधवल फोटोत डावीकडून तिसरी कोण, हे सांगणारं घरात आता एखादंच माणूस उरलं असेल.